मंगलीचा लमझना

नाई, तिकडं जाचं नाई. बस म्हनलं ना! इथीच बस, त्या बाजेवर बस, आज रिकामीच हाय. तिकडं चिचेखाली पंचाईत बसली हाय, सारं गाव तिथी हाय, अन तुयं तोंड पाह्यलं तं अजून पेटन. ते काय होय हातात? पेढे? पुस्तक छापून आलं म्हनून पेढे? वा रे लेखक! ठेव तिकडं कोपऱ्यात. पुस्तक दाखव तं — हं. वरतं डोंगर काढला हाय अन दोन पोट्टे पाठमोरे. हा कोनता डोंगर होय? आमचा नाई. आमचा डोंगर बैल बसल्यावानी हाय, हा तं भाल्यावानी दिसून राह्यला. मले वाचता येत नाई, चवथीतूनच पळालो मी, मास्तर मारे म्हनून — मीबी एक देल्ली होती त्याले, ते जाऊ दे — पन तुई गोष्ट मले पाठ हाय. काऊन म्हनजे? सुनिलनं वाचली ना! तोच सुनिल, जो मोहर्लीले गाडीवर राह्यते, शहरातल्या लोकाइले वाघ दाखवते. गेल्या उन्हाळ्यात तुले वाघ नाई दिसला तं म्हने चला साहेब, आमच्या डोंगरावर चला, अन आनून टाकलं तुले माया आंगनात. तुले काहीतरी पाहाचंच होतं ना? वाघ नाई तं आमी.

अन आता सुनिल सुट्टीवर आला तं शाळेच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचाले लागला. आपलं गाव पुस्तकात आलं म्हने! त्याले बिचाऱ्याले वाटलं, मोठी इज्जतच हाय. बाया आल्या, म्हातारे आले, चैतू गायता आला — तोच आमची गावाची पूजा करते, देवाचं अन मानसाचं त्याच्याच शब्दावर चालते — सारे समोर बसून आयकत होते. मी होतो. माया घरचा बिरजूबी होता. पह्यले तं हासले लोक. तुया गोष्टीतला तो भिमा डोंगरावर बसून बासरी वाजवते म्हने! बिरजूकडं पाहून पाहून हासले. त्याले शिट्टी नाई वाजवता येत बे, तो गायीले बोलावते तं गाय पळून जाते. नाव बदललं म्हनते? नाव बदलून काय झालं? गालावरची निशानी ठेवली ना तशीच्या तशी! या डोंगरावर गाल फाटलेला मानूस एकच हाय. अन तेबी नीट लिव्हलं नाई तू. बापानं कुऱ्हाड मारली म्हने! तुले सांगतलं होतं ना, अस्वलानं फाडलं म्हनून? तुयाच समोर बसून सांगतलं, भात खाताखाता. पन अस्वल तुले चाललं नाई. तुले बाप पाह्यजे होता. बिरजूचा बाप गरीब मानूस, मुंगीवर पाय नाई देल्ला त्यानं जन्मात, त्याच्या हातात कुऱ्हाड देऊन मोकळा झाला तू.

अन मंग? मंग सारं गाव लाठ्या घेऊन येते, अन भिमाले अन त्याच्या सोबत्याले मारते, अन तो भिमा मोहाच्या झाडाले फास घेते. शाबास! मोहाले फास! ज्या झाडाची आमी पूजा करतो, ज्याचं फूल येचून खातो, त्याले तू मानूस लटकवला. तुमच्याकडं रडले म्हनते लोक? रडले असतीन. त्याइचं काय जाते रडाले? खुर्चीत बसून रडले, डोये पुसले, चहा पेला. इथी काय झालं मालूम हाय? कोनी रडलं नाई. मंग चैतू गायता उठला अन म्हने, आमी कवा मारलं? म्हने, बिरजूले हिवताप आला तवा बाजेवर टाकून डोंगर उतरवला तो आमीच ना? माया खांद्याले फोड आला होता, अन हा लेकाचा लिव्हते का आमी मारलं? म्हातारा काठी आपटून राह्यला होता रागानं. त्याले बाकी कायचा राग नाई, समजलं का? दोघं जनं एका घरात राह्यते याचा नाई. आमच्या गावाले खुनी बनवलं, याचा.

अन इथीच सारं बिघडलं. गाव म्हनाले लागलं, हे साफ झालं पाह्यजे. उद्या कोनी पोलीसवाला इचारन, अजून एखादा तुयासारखा झोळा घेऊन येईन, तं काय सांगाचं? आमी मारत नाई म्हनाचं, तं मंग तो सवाल करन, कोनाले मारत नाई? तुमच्या गावात असं कोन हाय? आता बोल! एवढे वर्ष कोनी हा सवाल केला नाई. कराची गरजच नव्हती.

काऊन म्हनजे? अरे, बिरजू लमझना हाय ना! लमझना नाई मालूम तुले? दहाबारा दिस राह्यला, कागद रंगवले, अन लमझना नाई इचारला! ज्या पोट्ट्याच्या घरी पोरीच्या बापाले द्याले काही नसते, तो पोरीच्या घरी येऊन राबते. नांगर धरते, लाकडं आनते, एक साल, दोन साल. काम पसंत पडलं का पोरगी देतेत. तं माई लहान बहीन मंगली, तिच्यासाठी आला होता बिरजू, डोंगराच्या तिकडून, छत्तीसगडच्या अंगानं. अन मंगली गेली दुसऱ्याबरोबर, भामरागडकडं. खुशीनं गेली. त्या पोट्ट्यानं दंड भरला, गावाले जेवन देल्लं, मिटलं. आता लमझन्यानं काय कराचं? आपल्या घरी जाचं. माया बाप म्हने, जाय बाबू आता. हा म्हने, धान कापून जातो. धान कापलं. म्हने, मोहा येचून जातो. मोहा येचला. म्हने, आता पानी लागलं, नाला भरला, कसा जाऊ? असं करता करता बाप गेला, माय गेली, अन हा हायेच! अन गाव काय म्हने? गाव म्हने, लमझना हाय, सेवा सुरू हाय. कोनासाठी? मंगलीसाठी. मंगलीले नातू झाला बे! तरी सेवा सुरूच हाय. चैतू सोता म्हने, पोरीकडच्यानं 'सोडला' म्हनल्याशिवाय लमझना सुटत नाई, रीत हाय. अन आमच्याकडून कोनी म्हनलंच नाई. बाप इसरला म्हना. मी — मलेबी फुरसत नाई भेटली.

हासू नको. दात नको दाखवू. तुमी गोष्टी लिव्हता, आमच्या गावानंबी एक बनवली होती. त्या गोष्टीत कोनी मरत नव्हतं.

काय म्हनते? तिथी जाऊन सांगतो? काय सांगशील? तू तो शब्द काढशील, तुया गोष्टीत हाय तो. सुनिलनं तीनदा वाचला, जीभ अडकली त्याची, मंग त्याचा अर्थ सांगतला साऱ्याइले. समलिंगी. आमच्याकडं त्या गोष्टीले शब्द नव्हता, म्हनून तं निभली इतके साल. शब्द आला का त्याच्या मागं पंचाईत येते. नको जाऊ. मलेच जाऊ देल्लं नाई तं तुले कोन जाऊ देते? — मले काऊन नाई? परवाच्या दिशी चैतू इथी आला, माया आंगनात उभा राह्यला अन म्हने, इसरू, तू घरचा मोठा, तू 'सोडला' म्हन, बिरजूले वाटे लाव, गावाचं नाव साफ होते. म्या लाठी घेतली. मारली नाई, नुसती घेतली. अन जे तोंडाले आलं ते बोललो, त्याच्या मायबापापर्यंत गेलो. तं पंच म्हने, या मानसाच्या तोंडाले लगाम नाई, हा घरीच बसन. अन जिच्यासाठी लमझना आला होता, तिलेच बोलवा म्हने. मंगलीले. ते काल आली. मायासंग बोलली नाई, चैतूच्या घरी उतरली. बापाच्या बैलजोडीतला एक बैल मागत होती ते, म्या नाई देल्ला, तवापासून तोंड पाहत नाई मायं. आता ते तिथी बसली हाय, बिरजू उभा हाय, अन तिच्या एका शब्दावर हाय सारं. 'सोडला' म्हनली का त्यानं कपडे घ्याचे अन डोंगर उतराचा. कोनाकडं जाचं त्यानं? भाऊ मेले, घर पडलं. या उमरीत?

अन तो काही बोलनार नाई, मी सांगतो तुले. मुकाच हाय तो. मीठ कमी पडलं म्हनून म्या ताट फेकलं तरी बोलत नाई, उचलते अन मीठ टाकून परत ठेवते. बेडकाले भेते. बेडकाले! एवढा मोठा मानूस, पान्याच्या दिसात घरात बेडूक आला का बाजेवर चढून बसते अन मले हाका मारते, इसरू, इसरू. अन अस्वल आलं तवा नाई भेला. मोहा येचत होतो सकाळी, मी वाकलेला, माया मागूनच आलं ते. मायावरच आलं होतं. हा मधात घुसला, टोपलं घेऊन, मोहाचं टोपलं! टोपल्यानं मारत होता अस्वलाले. गाल लोंबत होता अन मले म्हने, तुले लागलं का? — हे लिव्हू नको. लिव्हलं तं पाय तोडीन. हे गावालेबी मालूम नाई, गावाले सांगतलं का त्याच्यावरच आलं होतं.

काय? ...हं. तूबी तसाच हायेस म्हनते. मंग? मले का नवीन सांगून राह्यला? गेल्या सालीच समजलं होतं आमाले. बिरजूच म्हने, पोट्टा आपल्यातला दिसते, दोन घास जास्त वाढ त्याले. इचारलं का आमी तुले काही? तुया मायबापाले मालूम हाय का, लगन काऊन नाई करत, काही इचारलं? गुपचाप खाऊ घातलं. मले वाटलं, हा तरी समजन. अन तूच मारलं त्याले! शहरातल्या कोन्या शहान्यानं मारलं असतं तं म्या थुकून सोडून देल्लं असतं. तू पाह्यलं ना सोता? दोघं मानसं जिवंत, धडधाकट, धान कापते, भांडते, खाते, झोपते — तुया डोयानं पाह्यलं अन घरी जाऊन मारून टाकलं. काऊन बे? जिवंत ठेवला असता तं तुयं काय जात होतं? पेढे वाटाले भेटले नसते?

चूप. चूप बस — आयकलं? हासले. सारेच हासून राह्यले. कोनावर हासले? बिरजूवर? लाठी कुठी माई, तूच तं नाई ना ठेवली — सरक, उठू नको, सरक नुसता. त्याच्यावर हासले असतीन तं एकेकाले — थांब. कोनीतरी येऊन राह्यलं.

मंगली होय. अन मागं — तिचं गाठोडं कोनाच्या डोक्यावर हाय?

काय ओ बाई? तिथूनच बोल, आयकू येते मले. काय म्हनलं तू? ...'सोडलाच नाई'? चारचौघात? 'मायासाठी आला होता, मी सोडीन तवा सुटन, अजून त्याचं काम मले पसंत नाई पडलं' — असंच म्हनली? तुया नवरा बाजूले बसला असून? अन चैतू काय म्हने? ...रीत हाय म्हने. हासला अन म्हने, रीत हाय. — बैल? हो, घेऊन जाय बैल. दोन्हीबी घेऊन जाय, आता मले नको बोलू काही.

अन तू काय उभा हायेस बे दारात, पाव्हन्यावानी? गाठोडं उतरव ते. जेवला का सकाळपासून? नाईच जेवला असशील, मुक्या. ये आत. — अन तू, लेखक, चाल. पेढे राहू दे, मंगलीले दे. पुस्तक घेऊन जाय. उठ ना आता, त्याची बाज हाय ते.