हुकावरचा कच्चा टाका

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. उत्तर घाईनं देऊ नका. चोर आधी झाला, की पहारा आधी बसला?

हसू नका! तुम्ही म्हणणार, महाराज, यात काय कोडं? चोर झाला म्हणून पहारा बसला. बरं! मग ज्या घरात चोरी झालीच नाही, त्या घरात पहारा बसवला तर काय होतं? आँ? बघा, तिसऱ्या रांगेतल्या मावशींनी आत्ताच पर्स मांडीखाली सरकवली! मावशी, मी तसा दिसतो का हो? नाही? मग शेजारणीवर संशय असेल. असू द्या, असू द्या! आज त्याचंच आख्यान आहे. आणि आमचे हे पेटीवाले बापू माझ्या नजरेला नजर देईनात, म्हणजे ही गोष्ट यांनी आधीच कुणाला तरी सांगितलेली दिसते. बापू, सूर धरा. तुमचं नंतर बघतो.

तर मंडळी, ऐका. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की तुमच्यातलाच कुणीतरी उठणार, "अहो, ते तर आमचे पाहुणे!" — आणि उद्या माझ्या दारात भांडण! तालुक्याचं गाव धरा. तिथल्या पेठेत यमुनाबाई नावाच्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहत होत्या. ब्लाऊज, फॉल-पिको, परकर, सगळं. हात असा की दुसरीकडं माप द्यायला बाया जायच्या नाहीत. पेठेत कुणाचं वजन वाढलं हे डॉक्टरच्या आधी यमुनाबाईला कळायचं! नवरा मागेच गेला. मुलगा संग्राम, चाकणकडं कंपनीत, रविवारचा तेवढा घरी. आणि घरात सून, रेवती.

रेवती लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. यमुनाबाईनं तिला शेजारी बसवून शिकवलं. कसं? मायेनं! "दोऱ्याच्या शेवटाला गाठ मारू नकोस गं, गाठ अंगाला टोचते. दोन बारीक टाके घाल, फुलीसारखे, एकमेकांवर. धरून बसतात." ही फुली यमुनाबाईची स्वतःची. पेठेत दुसरं कुणी तशी घालत नव्हतं. सुनेनं ती उचलली. सासू खूश! सून "आत्या, आत्या" करत मागं-मागं. असं घर होतं मंडळी. दृष्ट लागावी असं.

पुढं रेवती बाजारातल्या एका कपड्याच्या दुकानात कामाला लागली. घरी सांगितलं, काउंटरला असते. ठीक!

आणि त्याच सुमाराला पेठेतल्या पोरी यमुनाबाईकडं एक नवीन चीज घेऊन यायला लागल्या. स्कर्ट! आखूड! रंग कसला म्हणाल — ना पांढरा, ना पिवळा. दुधात चहा कमी पडला की होतो ना, तसला! पोरी त्याला 'बेज' म्हणतात. एकीचं म्हणणं, "काकू, कंबर आवळून द्या." दुसरीचं, "काकू, खाली चार बोटं कापड लावून द्या, पप्पा ओरडतात." यमुनाबाई चष्म्यावरनं बघायच्या. "अगं, हा स्कर्ट आहे का हातरुमाल?"

"काकू, असं काय करता? व्हिडिओ बघा ना!"

व्हिडिओत एक पोरगी. गळ्यापासून खाली दिसते, तोंड दिसत नाही! अंगात तोच स्कर्ट. सोमवारी त्यात पांढरा शर्ट खोचलेला, पायात कोल्हापुरी. कॉलेजला चालली! मंगळवारी त्याच्याखाली काळी लेगिंग, वर सैल कुर्ता. बाजारात चालली! पुढं कधी जीन्सचं जाकीट, कधी खणाच्या कापडाचं बिनबाह्यांचं जाकीट आणि कानात झुमके, हळदीकुंकवाला चालली! कधी नुसता साधा टी-शर्ट नि पायात बूट. एकच स्कर्ट, आठवडा निघाला! आता महाराजांना हे कसं ठाऊक, असं तुमच्या मनात आलंच. आलं ना? अभ्यासासाठी पाहिला! आख्यान सांगायचं तर अभ्यास नको?

यमुनाबाईनंही पाहिला. तोंड वाकडं करून पाहिला, पण शेवटपर्यंत पाहिला. "कुणाची गं ही कार्टी? आईबाप हायेत का न्हाईत?" मग पुन्हा लावायला सांगितला. "खोचलाय मात्र नीट. कुठं फुगला नाही." शेजारच्या शालनमावशी दारातच टेकलेल्या. त्या म्हणाल्या, "तोंड दाखवत न्हाई, म्हंजे तोंड दाखवायसारखं काम न्हाई!"

तुमच्या लक्षात आलं ना, पोरगी कोण ते? आलंच असणार! लय हुशार तुम्ही. पण यमुनाबाईच्या नाही आलं. मंडळी, दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला भिंतीपलीकडून दिसतं, आपल्या घरातलं ताटात वाढलं तरी दिसत नाही.

एक दिवस रेवती दुकानातनं आली, पिशवी खुंटीला लावली, हातपाय धुवायला मोरीत गेली. यमुनाबाईनं डबा काढायला पिशवीत हात घातला. आता खरंच डब्यासाठी घातला का? मला शंका आहे! पण हाताला काय लागलं? डब्याखाली घडी घातलेला तोच आखूड स्कर्ट!

मंडळी, इथं थांबा. त्या क्षणी यमुनाबाईनं हाक मारली असती, "रेवती, हे काय गं?", तर गोष्ट इथंच संपली असती. मीही लवकर घरी गेलो असतो. पण नाही! तिनं स्कर्ट होता तसा ठेवला. घडी मोडली नाही, डबाही काढला नाही. चेन लावली. रेवती बाहेर आली. पिशवीकडं पाहिलं. चेन उजवीकडनं लावली होती, ती आता डावीकडं होती! तीही काही बोलली नाही. त्या संध्याकाळी दोघींनी पिठलं-भात खाल्ला, आणि दोघी एकमेकींना म्हणाल्या, छान झालंय.

झालं! पहारा बसला!

यमुनाबाईच्या डोक्यात चक्र सुरू. घरातनं पंजाबी ड्रेस घालून जाते, पंजाबी ड्रेस घालून येते. मग स्कर्ट घालते कुठं? घालते कुणासाठी? काउंटरला बसणाऱ्या बाईला आखूड स्कर्ट कशाला लागतो? विचारायचं? छे! विचारलं तर सावध होईल. संशयी माणूस कधी विचारतो का? तो मुद्देमाल शोधतो!

मग बाईनं आपली विद्या कामाला लावली. सकाळी रेवती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की इकडं पिशवीतनं स्कर्ट काढायचा, कमरेचा हुक अडकवायचा आणि त्याच्यावरनं आडवा एक कच्चा टाका घालायचा. शेवटी फुली. हुक उघडायचा तर टाका तुटलाच पाहिजे! संध्याकाळी बघायचं. तुटला — सापडली! वा रे वा! पोलिसात असती तर बढती मिळाली असती.

संध्याकाळी पाहिलं. टाका शाबूत! दुसऱ्या दिवशी — शाबूत! आता माणसाला आनंद व्हावा की नाही? सून स्कर्ट घालतच नाही! पण मंडळी, संशयाचं पोट कधी भरलंय? यमुनाबाई म्हणाली, घालत नाही, मग रोज नेते कशाला? कुणाला द्यायला? कुणाला दाखवायला? बघा! टाका तुटला तर सून वाईट, टाका शाबूत तर सून त्याहून वाईट! तुमच्या घरी असं चालत नाही ना? नाही? बरं, तुम्ही म्हणता तर मानतो.

शालनमावशीनं फुंकर घातली, "व्याह्याला बोलवून घे. नंतर बोंबलत बसण्यापेक्षा आत्ताच बैठक घे." यमुनाबाईनं रेवतीच्या वडलांना, तात्यांना, फोन लावला. "रविवारी या. फोनवर बोलण्यासारखं न्हाई."

मंडळी, मुलीच्या बापाला हे वाक्य सासरवरनं आलं की त्याचा अर्थ एकच! पोरीचं काहीतरी बिनसलंय, बैठक आहे, कदाचित परतताना पोरगी सोबत असेल. तात्यांनी "काय झालं?" एवढंसुद्धा विचारलं नाही. मुलीचा बाप विचारत नाही! "येतो," म्हणाले नि फोन ठेवला. आणि रेवतीला यातलं काही ठाऊक नाही. तिचं घर मोडायला निघालंय, नि ती इकडं भाकरी थापतेय!

आता शनिवार. सकाळीच एक बाई रडत आली. लग्नाला निघालीय नि ब्लाऊज अंगात जाईना. यमुनाबाई त्यात गुंतली, उसवलं, शिवलं, तोवर रेवती गेलीसुद्धा. टाका घालायचा राहून गेला. संध्याकाळी रेवती आली, मोरीत गेली. यमुनाबाईचा हात सवयीनं पिशवीत. मनात म्हणाली, आज काय बघायचं, आज टाका घातलाच नाही.

आणि हुकावर टाका!

आडवा! बारीक! शेवटी फुली!

बाईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मी घातला नाही, मग हा आला कुठनं? डोळ्याशी नेऊन पाहिला. माझाच हात! माझीच फुली! आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. ही पोरगी रोज दुकानात टाका कापत होती, स्कर्ट घालत होती, आणि घरी यायच्या आधी रोज पुन्हा टाका घालत होती. आज काय झालं, हे मागनं कळलं: दुकानातल्या दुसऱ्या पोरीनं स्कर्ट इस्त्रीला घेऊन हुक मोकळा करून ठेवलेला. रेवतीला वाटलं, टाका तिनंच कापला असेल. निघताना हात सवयीनं चालला!

रेवती मोरीच्या दारात उभी. सासूच्या हातात स्कर्ट.

"कुठं शिकलीस ही लबाडी?"

"तुमच्याकडंच, आत्या."

मंडळी, किती हळू म्हणाली! ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तो व्हिडिओ माझा आहे. मालकीण म्हणाली, गिऱ्हाइकाला एकाच स्कर्टचे प्रकार घालून दाखव. मी दाखवले. दुकानात ठेवला तर विकला जाईल, म्हणून रोज पिशवीतनं न्यायचा-आणायचा."

"मग तोंड का दाखवलं न्हाईस?"

"तुम्ही ओळखलं असतं."

"मला सांगायचं तरी!"

"सांगणारच होते. त्याच दिवशी. म्हणणार होते, आत्या, कसा खोचलाय बघा, कमरेला चुणी कशी धरायची ते तुम्हीच शिकवलंय. मोरीतनं बाहेर आले तर पिशवीची चेन उलटी. मग म्हटलं, आता काही सांगितलं तरी ते पकडल्यावरचं बोलणं होणार. खरं सांगितलं तरी खोटंच वाटणार."

यमुनाबाईनं स्कर्टची घडी घालून पिशवीत ठेवली. पण आता काय करणार? उद्या तर व्याही येणार!

रविवारी तात्या आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पाण्याचा तांब्या समोर, पण हात लावला नाही. संग्राम दाराला टेकून. रेवती आतल्या खोलीत. शालनमावशी? खिडकीत! विचारायला पाहिजे का?

यमुनाबाई म्हणाली, "तात्या, फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. लाज वाटत होती. मी तुमच्या लेकीची पिशवी तपासत होते. चोरून. तिचं काही चुकलं न्हाई. माफी मागायला बोलावलंय." कबूल आहे, बोलावलं होतं वेगळ्याच कामाला. पण शब्द फिरवला बाईनं! तात्यांनी तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्याले. आज सकाळपासनं पाणीसुद्धा पोटात नव्हतं त्या माणसाच्या!

संग्रामनं व्हिडिओ बघितला, कपाळाला आठ्या घातल्या. "आई, पण लोक काय म्हणतील?"

"लोकांची मापं सगळी माझ्याकडं हायेत," यमुनाबाई म्हणाली. "बघते कोण काय म्हणतंय ते!"

नका, टाळ्या नका वाजवू! मला ठाऊक होतं तुम्ही इथंच वाजवणार! गोड झालं की उठायची घाई तुम्हाला. बसा! गोष्ट अजून संपली नाही.

सोमवारी सकाळी रेवती कामाला निघाली. उंबऱ्यात आली आणि थांबली. पिशवी उघडली. स्कर्ट काढला, हुक उघडून सासूपुढं धरला. "बघा आत्या. हा डबा, हा रुमाल, ही छत्री. बास."

"अगं, मी मागितलं का?"

"नाही. पण बघून घ्या. मागनं शंका नको."

राग नाही, कुत्सित हसणं नाही. साधेपणानं! मंगळवारी पुन्हा तसंच. बुधवारी तसंच. संध्याकाळी आली की फोन सासूपुढं ठेवायची, उघडून. कुठं गेले, कुणाशी बोलले, न विचारता सगळं सांगायची. काही म्हणजे काही लपवायची नाही! आता आत्या म्हणून मागं-मागं येत नव्हती. आली की झडती देत होती.

यमुनाबाई तोंड फिरवायची. "ठेव गं आत." रेवती ठेवायची नाही. दाखवून झाल्याशिवाय ठेवायची नाही. शेवटी एका सकाळी ती बाई, अख्ख्या पेठेला दरडावणारी बाई, उंबऱ्यातच रडली. सुनेचा हात धरून म्हणाली, "पोरी, एकदा तरी काहीतरी लपव की गं माझ्यापासनं!"

मंडळी, चोरी झाली होती का त्या घरात? झाली! पण चोर सून नव्हती. जे गेलं ते कुणाच्या पिशवीत सापडणारं नव्हतं. आणि गेलं ते आलं की नाही, हे मला विचारू नका. मी गेलो होतो त्यांच्याकडं. रेवतीनं चहा दिला, आणि साखरेचा डबाही उघडून दाखवला. पुढचं तुम्हीच समजा.

आता तुमच्याकडं येतो! खाली मान नको, वर बघा! तुमच्यातल्या किती जणांना घरातल्या पोराच्या फोनचं कुलूप ठाऊक आहे? किती जणींनी सुनेच्या कपाटाचे खण वर-खाली केलेत? किती पुरुष बायकोची पर्स 'सुट्टे पैसे बघतो' म्हणून हुंगतात? मोजत नाही, घाबरू नका! आणि मागं उभे असलेले ते दादा, तुम्ही बायकोला आत्ताच फोन केला ना, "कुठं आहेस?" म्हणून? ती इथंच बसलीय, बायकांच्या बाजूला!

तेव्हा ऐका माउली. घरचं माणूस बाहेरनं आलं की त्याच्या पिशवीकडं बघू नका, तोंडाकडं बघा. तोंड थकलेलं असेल तर पाणी द्या. शंका आली तर समोर बसवून विचारा, आणि जे उत्तर मिळेल ते धरून चाला. एखादं खोटं निघेल! निघू द्या! एखाद्या खोट्यानं घर बुडत नाही. पण तुमचं लेकरू उंबऱ्यात उभं राहून, न मागता, आपला खिसा उलटा करून दाखवायला लागलं, त्या दिवशी समजा, तुम्ही त्याला खरं बोलायला लावलंत आणि त्याला गमावलंत. तसं व्हायच्या आत, आज घरी जाल तेव्हा, "कुठं होतीस?" हे विचारू नका. "जेवलीस का?" एवढंच विचारा.

टाळ उचला. विठ्ठलाचं नाव घ्या सारे, मोठ्यानं!