कुंडीतली चटणी

जरीना : धरा की वो आक्काताई. न्हाई बोचकारत. बोचकारायला त्येच्यात ताकद तरी कुठं ऱ्हायलीया.

आक्काताई : अगं, पण मांजर माझ्याकडं कशाला आणलंस?

जरीना : चार दिवस ठेवून घ्या. बत्ताशाला माझ्या घरात ठेवायचा मला धीर हुईना. तुमच्या-माझ्या दारात एक भिंत. तुमच्याबिगर कुणाच्या पदरात टाकू सांगा?

आक्काताई : बस तर खरं आधी. डोळा काय गं झालाय त्येचा?

जरीना : उघडंना. परवापास्नं असाच मिटलेला. आनि पंजं बघा खालनं. हितं, हितं बघा. तव्यावर ठेवल्यागत झाल्यात. जीभ बघितलासा तर तुमच्या डोळ्यांत पाणी येईल.

आक्काताई : न्हाई, नको दावू.

जरीना : दूध लावलं तर वरडतंय. गार दही बोटावर घेऊन चाटवतोय, तेवढंच काय ते पोटात.

आक्काताई : डॉक्टरला दावलंस?

जरीना : दावलं तर. जनावरांच्या डॉक्टरनं पंज्यावरनं कापूस फिरवला, कापूस लाल. मला म्हणालं, मावशी, ह्येच्या डोळ्यात कुणीतरी तिखट टाकलंय.

आक्काताई : डोळ्यात कोण टाकंल गं? पायाला लागलं असंल. मग पाय चाटलं, चाटल्या पायानं तोंड पुसलं. मांजराचं तसंच असतंय की.

जरीना : कसं बी गेलं असू दे. घातलं कुणीतरी न्हवं? आपल्या आपण तर तिखटाच्या डब्यात नाचलं न्हाई?

आक्काताई : न्हाई. तसं न्हाई.

जरीना : मग? घरात माणसं किती? मी, माझा झिशान आनि ती त्येची बायकू. झिशान तर ह्येला उशाला घेऊन झोपतोय.

आक्काताई : जरीना, मुबशिरा असं करंल व्हय?

जरीना : तिनं तोंडानं बोलून दावलंय! तुमी हुतासा की समोर. तिच्या पुदिन्याच्या कुंडीत ह्येनं घाण केली त्या दिवशी काय म्हणाली? "एक दिवस कुंडीत तिखटच टाकते, मग बघा कसा बसतो ते." म्हणाली का न्हाई?

आक्काताई : हसत म्हणाली गं. चेष्टेत.

जरीना : आठवडा झाला न्हाई त्या चेष्टेला. मंगळवारी ह्यो असा घरी आला.

आक्काताई : तिनं तर पुदिन्याला गोटं लावल्यात. नदीतलं गोल गोल, मातीवर गच्च बसवून. मी बघितलंय खिडकीतनं. ह्येला पाय ठेवायला जागा न्हाई त्या कुंडीत. आनि गॅलरीत पाटी भरून वाळू ठेवलीया ह्येच्यासाठी, ती बी तिनंच. मग तिखट कशाला टाकंल?

जरीना : ते सगळं दाखवायला. डोळ्यात ड्रॉप बी तीच घालती, माहीत हाय? मान धरून, पुच् पुच् करून. मला बघून कससंच हुतंय.

आक्काताई : आता हाय कुठं ती?

जरीना : पिशवी भरतीया. तिचा भाऊ येतोय न्यायला, इचलकरंजीस्नं. तौसीफ. पाच वाजता येतो म्हणालाय.

आक्काताई : पाचला? साडेचार झालं की गं.

जरीना : झालं तर झालं. जाऊ दे.

आक्काताई : तू काय बोललीस तिला?

जरीना : बोललो.

आक्काताई : काय?

जरीना : तुमाला ऐकू गेलंच असंल की. भिंत कसली, पुठ्ठा हाय नुस्ता.

आक्काताई : तरीबी तू सांग.

जरीना : रागात हुतो मी, आक्काताई. ह्यो असा पायाशी पडून हुता. तोंडातनं निघून गेलं. मुक्या जिवाचं असं करतीस, म्हणून अल्ला तुझी वटी भरंना, म्हणालो.

आक्काताई : तीन वर्सं झाली न्हवं त्यांच्या लग्नाला?

जरीना : मे मध्ये तीन हुतील. ती काय बोलली न्हाई. ताट वाढलं सगळ्यांना, भांडी घासली, आनि भावाला फोन लावला.

आक्काताई : आरं देवा.

जरीना : जाऊ दे. तुमचं सांगा. रविवारी निशाला बघायला पावणं आलतं न्हवं पेठ वडगावचं? काय कळवलं त्यांनी?

आक्काताई : काय न्हाई कळवलं.

जरीना : कळवतील. एवढी गुणाची पोरगी. घर बी किती झ्याक लावलंसा! कुंड्या सगळ्या आत हॉलमधी आणलासा, फुलांचं दुकान वाटतंय. आनि आता ह्यो घाण करत न्हाई का वो ह्येच्यात? मागं तुमी लै वैतागलतासा. संत्र्याच्या साली टाकलासा, काटं-चमचं उभं रोवलासा.

आक्काताई : आता न्हाई करत.

जरीना : मग काय केलंसा? मला तर सांगा.

आक्काताई : जरीना, ते मीच केलंय.

जरीना : काय ते?

आक्काताई : तिखट. मी टाकलं. ह्या कुंड्यांत. सोमवारी.

जरीना : ह्या कुंड्यांत? तुमी?

आक्काताई : मुबशिरानं काय केलं न्हाई. तिचं बोलणं ऐकून मला सुचलं, तेवढाच तिचा गुन्हा.

जरीना : आक्काताई, तुमी माणूस हायसा का कोण हायसा वो?

आक्काताई : बोल. काय बोलायचं ते बोल.

जरीना : माझ्या सुनंसाठी सोताच्या अंगावर घेतासा! पोटच्या पोरीसाठी कोण असं करणार न्हाई.

आक्काताई : अगं, न्हाई...

जरीना : मला कळत न्हाई व्हय? घर मोडू ने म्हणून म्हणतासा. झिशानला मी आजच सांगतो, बघ, शेजार कसा असतोय. अल्ला तुमाला लै देवो. एवढं मोठं मन कुठनं आणलंसा?

आक्काताई : (पदर डोळ्याला लावत) नको गं असं बोलू.

जरीना : रडू नका की. मी न्हाई मानत तुमचं, पण तुमचं मन कळलं मला.

आक्काताई : गप. गप बस जरा. तू मोठं मन म्हणालीस न्हवं? मला बरं वाटलं बघ. खरं सांगतो. एक क्षण वाटलं, हिला असंच वाटू दे. मुबशिरा बी ऱ्हाईल, माझी बी अब्रू ऱ्हाईल, वर आनि चार घरांत नाव हुईल. इतकी मी मोठ्या मनाची.

जरीना : काय बोलतासा हे?

आक्काताई : ऊठ. ती कोपऱ्यातली कुंडी हाय न्हवं, मनी प्लँटची? बोट घाल मातीत.

जरीना : कशाला?

आक्काताई : घाल म्हणतो तर.

(जरीना मांजर खुर्चीवर ठेवते, कुंडीतल्या मातीत दोन बोटं खुपसते, काढून नाकाशी नेते. आक्काताईंना नेमका तेव्हाच टीव्हीवरचा रुमाल वाकडा दिसतो; त्या तो सरळ करत राहतात.)

जरीना : ही चटणी हाय.

आक्काताई : व्हय.

जरीना : कांदा-लसणाची. आपली. गेल्या उन्हाळ्यात आपण दोघी डंकावर बसून कुटून आणल्याली.

आक्काताई : तीच. तळाला ऱ्हायलती, गोळं झालतं. यंदाची केल्यावर ती टाकवंना. म्हटलं, कुंडीला तर लागंल.

जरीना : कुंडीला?

आक्काताई : सगळ्या कुंड्यांत टाकली. वरनं पाणी मारलं, उडू ने म्हणून.

जरीना : म्हणजे चिकटून बसली. त्येनं उकरलं असणार नेहमीगत. सगळ्या पंजाला.

आक्काताई : मला वाटलं, वास घिऊन परत फिरंल. एवढंच वाटलं गं. पुढचं डोक्यातच आलं न्हाई.

जरीना : पन्नासाव्या वर्षी डोक्यात आलं न्हाई? मिरच्या कुटून आल्यावर रात्रभर हात परातीत बुडवून बसतासा तुमी! आनि ह्येच्या पायाचं डोक्यात आलं न्हाई?

आक्काताई : न्हाई आलं. रागात हुतो.

जरीना : कसला राग? एवढा कसला राग?

आक्काताई : पावणं बसलतं हितं. तू बसलीयास तिथंच मुलाची आई. निशा पोह्याच्या ताटल्या घेऊन आली आनि त्या बाईनं पदर नाकाला लावला. मला वाटलं, सर्दी असंल. मग म्हणती कशी, "बाई, घरात काय मेलंय का?" भरल्या हॉलमधी. ह्यांनी खिडकी उघडली. मनी प्लँटच्या कुंडीतनं येत हुता वास. मीच सकाळी आत आणून त्यांच्या नाकाशी ठेवलेली. थाटात.

जरीना : निशा काय म्हणाली?

आक्काताई : ती हसली. तिला तसंबी ते स्थळ नको हुतं. पण मला ती रात... न्हाई, ते दोन दिवस नुस्तं तेच ऐकू यायचं. घरात काय मेलंय का.

जरीना : मग माझ्या दारात यायचं हुतंसा. माझी आईमाई उद्धरायची हुतीसा. मी ऐकून घेतलं असतं की! त्येच्या मागं झाडू घेऊन धावला असतासा तरी चाललं असतं.

आक्काताई : तुला काय तोंडानं सांगणार? तुझं मांजर आमच्यात मुतलं आनि माझ्या पोरीचं लग्न ऱ्हायलं, असं?

जरीना : मंगळवारी तुमीच दारात आलासा. "काय गं झालं बत्ताशाला," म्हणालासा. कपाळावर हात मारलासा.

आक्काताई : व्हय.

जरीना : तवा सांगायचं.

आक्काताई : तवा सांगणार हुतो. मग तू म्हणालीस, ज्यानं केलंय त्येचं हात झडतील. मग म्हटलं, उद्या सांगू.

जरीना : आनि काल?

आक्काताई : काल तू तिला बोललीस. काल तर माझं पायच उचलंनात.

जरीना : अल्ला. मी काय बोलून बसलो तिला.

आक्काताई : माझ्यामुळं बोललीस.

जरीना : चटणी तुमची, आक्काताई. जीभ माझीच हुती.

आक्काताई : हॉर्न वाजतोय खाली.

जरीना : तौसीफच असणार. तुमी जावा. सांगा तिला.

आक्काताई : तू बी चल की.

जरीना : माझं तोंड न्हाई तिच्याफुडं उभं ऱ्हायचं. तुमी सांगा, मग मी येतो.

आक्काताई : आधी तू ये, मग मी सांगतो.

मुबशिरा : (दारातून) अम्मी? इथं आहात होय. बत्ताशाचा ड्रॉप कुठंय? फ्रीजमध्ये नाही.

जरीना : माझ्या पिशवीत हाय. ह्यो घे.

मुबशिरा : वेळ झाली त्याची. घालते आणि निघते. तौसीफ आलाय खाली.

आक्काताई : मुबशिरा, थांब जरा, पोरी. तुझं काय बी चुकलं न्हाई. चटणी मी टाकली हुती. ह्या कुंड्यांत. मी.

मुबशिरा : (उघडलेलं ड्रॉपचं झाकण परत लावते.)

आक्काताई : काय तर बोल की.

मुबशिरा : कधी टाकलीत?

आक्काताई : सोमवारी.

मुबशिरा : म्हणजे काल संध्याकाळी तुम्हाला माहीत होतं. अम्मी मला बोलत होत्या तेव्हा.

आक्काताई : व्हय.

मुबशिरा : तुमच्याकडं मिक्सर चालू झाला होता. बराच वेळ. मी म्हटलं, काकू एवढं काय वाटतायत.

आक्काताई : काय न्हाई वाटत हुतो. रिकामाच फिरवला. ऐकवंना मला.

मुबशिरा : मला तर बंद करायला मिक्सर पण नव्हता, काकू.

आक्काताई : मी खाली येतो. तुझ्या भावाला सांगतो. तुझ्या आईला फोन करतो, आत्ताच्या आत्ता. माझी चूक हाय म्हणून सगळ्यांसमोर सांगतो.

मुबशिरा : मांजराचं सांगाल. दुसरं जे बोललं गेलं, ते तुम्ही कसं परत घेणार?

जरीना : मुबशिरा, बेटा, मी...

मुबशिरा : नको अम्मी. आत्ता काही बोलू नका. तुम्ही बोललात तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. मला आत्ता चांगलं उत्तर येणार नाही.

जरीना : येशील न्हवं परत?

मुबशिरा : माहीत नाही. झिशानला सांगितलंय, रविवारी या. बोलू.

आक्काताई : मी बी येऊ त्येच्यासंगं?

मुबशिरा : बघा. परत हॉर्न मारतोय तो. त्याला दम निघत नाही.

जरीना : ड्रॉप दे हिकडं. मी घालतो. तू जा, उशीर हुईल.

मुबशिरा : तुम्हाला एकटीला जमणार नाही, झटकतो तो. काकूंना टॉवेलमध्ये गुंडाळून धरू दे. चारी पाय आत. मान मोकळी. डाव्या डोळ्यात दोन थेंब, आणि मग थोडा वेळ त्याला तोंड पुसू द्यायचं नाही.

आक्काताई : धरतो मी. गच्च धरतो. दे त्येला माझ्याकडं.

मुबशिरा : थांबा काकू. अम्मी, तुम्ही पण. तुमच्या बोटांना त्या कुंडीतली माती तशीच आहे. आधी साबणानं धुवून या. दोघीजणी.