दहा अक्षरांचं कुलूप

बायको : म्हणजे डबा कुठे पुरलाय ते तुम्हाला माहीतच नाही?

मोजणीदार : माहीत आहे. हे बघ, डायरीत लिहिलंय. फक्त काय लिहिलंय ते मला कळत नाही.

बायको : अहो, काल लेकीला फोनवर छातीठोकपणे काय सांगितलंत? "डबा ना? डोळे मिटून काढून देतो!"

मोजणीदार : दोन वर्षांनी पोरीचा फोन आला. "हॅलो बाबा" म्हणाली आणि पुढचं वाक्य, "तो डबा आहे ना हो अजून?" आता काय सांगणार होतो? बाळा, तुझा बाप बावळट आहे?

बायको : ते तिला माहीत आहे. येतेय कधी?

मोजणीदार : चार वाजता. दुकान लवकर बंद करून.

बायको : आणि आत्ता अकरा. मला सगळं पहिल्यापासून सांगा. डबा पुरलात तेव्हा मी माहेरी होते, आईच्या आजारपणात.

मोजणीदार : पोरगी आठ वर्षांची. म्हणाली, बाबा, तिसाव्या वाढदिवसाला उघडायचा डबा पुरू या. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत चिठ्ठी आणि आणखी काहीबाही, मला बघूही दिलं नाही. मी तेव्हा दौऱ्यावरून दोन दिवसांसाठी आलेलो. ऑफिसात नुकतंच ते उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र आलं होतं. ते मिरवायला मला जागा हवीच होती. खड्ड्याशी उभं राहून अक्षांश-रेखांश घेतले आणि डायरीत उतरवले.

बायको : मग वाचा की!

मोजणीदार : सरळ आकडे लिहिले असते तर कुणीही डबा काढला असता, म्हणून अक्षरांत लिहिले.

बायको : कोण काढणार होतं? समुद्रातले चाचे?

मोजणीदार : आमचा हेडक्लार्क. तो माझ्या डायऱ्या चाळायचा. हसू नकोस. तेव्हा मला फार हुशारी वाटली होती. एवढी पक्की युक्ती केली की जगात एकाच माणसाला ती उलगडू नये, आणि तो माणूस मीच निघालो.

बायको : दाखवा इकडे. "री क धी णा." खाली, "ये र क हो." हे काय, बाळाचे बोबडे बोल?

मोजणीदार : प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. वरची ओळ अक्षांश, खालची रेखांश. अंश तर सगळ्या गावाला सारखेच, म्हणून नुसती मिनिटं आणि सेकंद लिहिली. आकडे दहा, तेव्हा दहा वेगवेगळी अक्षरं असलेलं एक वाक्य घ्यायचं. पहिलं अक्षर एक, दुसरं दोन, असं. ते वाक्यच आठवेना. पोरीच्या शाळेची प्रार्थना तपासली, ऑफिसच्या दारावरची पाटी तपासली. साहेबाला मनातल्या मनात द्यायचो ती शिवीसुद्धा तपासली.

बायको : मग?

मोजणीदार : शिवीत नऊच अक्षरं भरली.

बायको : तुम्हाला चेष्टा सुचतेय. तिला काय वाटेल? एक काम सांगितलं होतं बापाला, तेही धड नाही. आधीच काय कमी केलंय तुम्ही?

मोजणीदार : ते काढू नकोस.

बायको : काढणार. पोरीने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. स्वतःच्या हाताने लाकूड कापून काउंटर बनवला, हाताला फोड आले होते तिच्या. उद्घाटनाला पन्नास माणसं. आणि तुम्ही?

मोजणीदार : मी खिशातून टेप काढला.

बायको : टेप काढला!

मोजणीदार : आणि भर सभेत सांगितलं की डावी बाजू दीड इंच खाली आहे. मला वाटलं, मदत करतोय. लोक हसले, म्हणून मी आणखी एकदा मोजून दाखवला. चाळीस वर्षं लोकांच्या हद्दी आखल्या गं मी, पण कुठे थांबायचं ते मला कधी समजलं नाही.

बायको : ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जा." आणि तुम्ही खरंच निघालात.

मोजणीदार : मला वाटलं होतं, मागून हाक मारेल. बसस्टॉपवर तीन बस सोडल्या. असो. आज हा डबा मिळाला नाही तर ती पुन्हा यायची नाही, एवढं मला कळतं. तेवढी अक्कल आहे.

बायको : थांबा. ही अक्षरं पुन्हा वाचा.

मोजणीदार : री, क, धी, णा.

बायको : यात "कधी" आहे. आणि त्याच्या आधी "री". "री कधी"... अहो!

मोजणीदार : काय झालं?

बायको : तुम्ही दौऱ्यावर असताना मी फोनवर काय विचारायचे?

मोजणीदार : पैसे पोचले का?

बायको : ते तुम्ही विचारायचात. मी विचारायचे, "घरी कधी येणार हो तुम्ही?" मोजा.

मोजणीदार : घ, री. क, धी. ये, णा, र. हो. तु, म्ही. दहा! एकही अक्षर दोनदा नाही! हेच ते! आठवलं मला, डाकबंगल्यात फोन कानाला होता, आणि एकदम लक्षात आलं की हे वाक्य बरोब्बर दहा अक्षरांचं आहे.

बायको : म्हणजे इकडे मी तापाने फणफणलेली पोर मांडीवर घेऊन रडकुंडीला आलेली, आणि तिकडे तुम्ही माझी अक्षरं मोजत होतात?

मोजणीदार : ...हो.

बायको : तरीच उत्तर द्यायला एवढा वेळ लागायचा. मला वाटायचं, लाइन खराब आहे.

मोजणीदार : माझीच लाइन खराब होती. तू म्हणशील ती शिक्षा भोगतो, पण आधी आकडे काढू दे. री दोन, क तीन, धी चार, णा सहा. तेवीस मिनिटं, शेहेचाळीस सेकंद. ये पाच, र सात, क तीन, हो आठ. सत्तावन्न, अडतीस. टाक मोबाइलच्या नकाशात. आकड्यांच्या आधी आपले अंश टाक.

बायको : टाकले. अहो, हे तर निळं दिसतंय.

मोजणीदार : निळं कसं असेल?

बायको : पाणी. गावापासून पार लांब, धरणाच्या मधोमध खूण आहे. पोरगी आठ वर्षांची होती, पाणबुडी नव्हती.

मोजणीदार : यंत्र चुकलं असेल.

बायको : यंत्र चुकलं, काउंटर चुकला. तुम्ही सोडून सगळं जग चुकतं. कसं मोजलंत ते आठवा ना जरा.

मोजणीदार : कसं म्हणजे? नेहमीसारखं.

बायको : नेहमीसारखं? बैठकीच्या पडद्यांसारखं? जे एक फूट लांब झाले आणि वर्षभर जमीन झाडत राहिले?

मोजणीदार : तो टेपचा दोष होता. टेपचं टोक झिजून गेलं होतं, शून्याची खूणच उरली नव्हती. नवीन टेपचा अर्ज तीन वर्षं पडून होता. मग आम्ही पहिला फूट सोडून द्यायचो, एकच्या खुणेपासून धरायचो आणि शेवटी एक वजा करायचो. पडद्यांच्या वेळी वजा करायचा राहिला. पण अक्षरं मोजायला टेप कुठे... अगं आई गं.

बायको : काय?

मोजणीदार : पहिलं अक्षर सोडलं असणार. "घ" म्हणजे झिजलेलं टोक, शून्य. एक सुरू होतो "री"पासून! सगळे आकडे एकेकाने उतरव. बारा, पस्तीस. शेहेचाळीस, सत्तावीस.

बायको : थांबा, टाकते. आपल्या जुन्या सरकारी क्वार्टर्सच्या मागचं मैदान.

मोजणीदार : तेच! तिथे हद्दीचा एक दगड होता. त्याच्या पायथ्याशी खणलं होतं. ऊठ, ऊठ. फावडं कुठे आहे?

बायको : आपल्याकडे फावडं कधी होतं? बाल्कनीतल्या कुंड्यांचं खुरपं आहे.

मोजणीदार : दे तेच. चाळीस वर्षं सरकारी मोजणीदार, आणि हातात खुरपं. शोभतंय मला.

(मैदान. दगडाभोवती चार खड्डे. पावणेचार.)

बायको : बास करा आता. पाचवा खड्डा नको. कंबर धरली तर मला उचलता यायचं नाही.

मोजणीदार : इथेच होता. दगड हाच, जागा हीच, आकडे जुळले. मग डबा गेला कुठे?

बायको : कुणी काढला असेल.

मोजणीदार : तू घरी जा आणि तिला सांग, बाबा अचानक बाहेरगावी गेले.

बायको : ते कारण तिने लहानपणी पुरेसं ऐकलंय. आणि मी तिला कधीच मेसेज केलाय, घरी न जाता सरळ मैदानावर ये म्हणून. ती बघा, सायकल लावतेय.

मोजणीदार : अगं, आधी सांगायचंस तरी! माझे हात बघ, शर्ट बघ.

मुलगी : बाबा? हे काय, घूस शिरली की काय इथे?

मोजणीदार : ये. वाढदिवसाच्या... हे बघ, मी खरंच सांगतो. काल डोळे मिटून काढून देतो म्हणालो ते खोटं होतं. जागा विसरलो होतो. सकाळपासून आईने आणि मी कोडं सोडवलं, तेही आईनेच. जागा हीच आहे, पण डबा नाही. चुकलं माझं. त्या दिवशी दुकानातही माझंच चुकलं. काउंटर चांगला होता.

मुलगी : दीड इंच खाली होता, बाबा. मी नंतर मोजला.

मोजणीदार : असू दे की. दीड इंचाने काय होतं?

मुलगी : स्क्रू घरंगळतात. आई, हे असे किती वेळ खणतायत?

बायको : दोन तास. पाणी प्या म्हटलं तर ऐकत नाहीत.

मुलगी : बाबा, ते खुरपं खाली ठेवा आणि बसा. इथे काही नाहीये. डबा मी तेव्हाच उकरून काढला होता.

मोजणीदार : तेव्हाच म्हणजे कधी?

मुलगी : पुरल्यावर चौथ्या दिवशी. तुमचा दोरीला टांगायचा पितळेचा ओळंबा मी त्यात घातला होता, सगळ्यात भारी वस्तू म्हणून. तुम्ही दौऱ्यावरून फोन केलात, ओळंबा हरवला, साहेब नोकरीवरून काढेल. आई नव्हती. मला सांभाळायला आलेली मावशी झोपली होती. मी एकटी आले, वरणाच्या डावाने माती काढली, आणि तुम्ही आल्यावर तो तुमच्या पिशवीच्या तळाशी टाकला.

मोजणीदार : आणि तो पिशवीतच सापडला म्हणून मी ऑफिसभर स्वतःला गाढव म्हणत फिरलो!

बायको : ते काही वाया गेलं नाही.

मोजणीदार : चिठ्ठी होती ना आत?

मुलगी : मोठी झाल्यावर मोठी सायकल घ्यायची, एवढंच लिहिलं होतं. दुकानात लावलीय फ्रेम करून. आलात तर दिसेल.

मोजणीदार : पण मग डबा नाही हे तुला माहीत होतं, तर काल फोनवर विचारलंस कशाला?

मुलगी : दोन वर्षांनी फोन करायचा म्हणजे काहीतरी कारण नको? तिसावा वाढदिवस आला म्हणून आठवलं. म्हटलं, डब्याचं विचारू. तुम्ही "कुठला डबा" म्हणालात तर फोन ठेवून देऊ.

मोजणीदार : मी खोटं बोललो ते बरंच झालं की.

मुलगी : फार बरं झालं.

मोजणीदार : पुढच्या आठवड्यात कसलं कारण काढशील?

मुलगी : मी नाही काढणार. पुढचा फोन तुम्ही करायचा.

मोजणीदार : मी? मी काय बोलू? मला सुचत नाही गं फोनवर.

मुलगी : नुसतं "जेवलीस का" विचारा, बाबा. तेवढं पुरे.