पडद्याखालचं बटण

काकू : नाही हो, मी कशालाच हात लावलेला नाही. फोन स्पीकरवर ठेवून नुसती कंप्यूटरसमोर बसले आहे.

दुरुस्तीवाला : छान. तशाच बसा. काय लिहून आलंय ते वाचता येईल?

काकू : रोजचंच. चालू केला की पडदा काळा, आणि म्हणे डी ड्राइव्हची तपासणी करायची आहे, नको असेल तर दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबा. मी चष्मा शोधेपर्यंत दहा सेकंद संपतात.

दुरुस्तीवाला : संपू देत, बरंच आहे ते. आता किती टक्के दाखवतोय?

काकू : एकतीस. मघापासून एकतीसच. अडून बसलाय. बंद करून परत लावू का?

दुरुस्तीवाला : अजिबात नको! मध्येच बंद केलात तर असेल नसेल ते जायचं. एवढं आहे काय त्या डीमध्ये?

काकू : फोटो. ह्यांनी वर्षांप्रमाणे लावून ठेवलेत, लग्नापासूनचे.

दुरुस्तीवाला : मग दुपारी बघा की निवांत. फोटो काय पळून जातात?

काकू : फोटो नाही पळत. ह्यांचा सकाळचा तासभरच काय तो खरा. तेवढ्यात फोटो समोर धरले की माणसं ओळखतात. भाऊ, मुलगी, गोदामातले लोक. दोन महिन्यांपूर्वी माझ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, ‘ही आमची.’ आणि मग दहाच्या सुमाराला मलाच विचारलं, ‘बाई, तुम्हाला घरी जायला उशीर नाही ना होत?’

दुरुस्तीवाला : काकू, मला हे ठाऊक नव्हतं.

काकू : तुम्हाला कसं ठाऊक असणार? आता ही तपासणीच तो तास खाऊन टाकते. पडदा मोकळा होतो तेव्हा समोर बसलेला माणूस मला ‘बाई’च म्हणत असतो.

दुरुस्तीवाला : घरात दुसरं कोणी?

काकू : मुलगी आहे, लांब असते. रविवारी फोन करते. आज बुधवार, म्हणून तुम्हाला त्रास दिला.

दुरुस्तीवाला : त्रास कसला. बरं, मला सांगा, हे सुरू कधीपासून झालं?

काकू : दोन महिने झाले असतील.

दुरुस्तीवाला : वीज जाते का तुमच्याकडे वरचेवर?

काकू : जात नाही. हे घालवतात.

दुरुस्तीवाला : म्हणजे?

काकू : छत्तीस वर्षं गोदाम सांभाळलं ना. निजायच्या आधी सगळ्या घरातून एक फेरी. नळ, कडी, दिवे, एकेक बटण बघायचे. आता कुठलं बघितलं ते लक्षात राहत नाही, म्हणून सरळ मेन स्विचच पाडतात. ते झोपले की मी हळूच वर करते, नाहीतर फ्रिजमधलं दूध नासायचं.

दुरुस्तीवाला : सापडलं! चालू कंप्यूटरची वीज अशी खटकन तोडली की सकाळी तो तक्रार करणारच.

काकू : पण चालू कुठला? मी रात्री आठ वाजता बंद करूनच उठते.

दुरुस्तीवाला : कसा बंद करता?

काकू : पडद्याखालचं बटण दाबते. दिवा विझतो, काळोख होतो. झालं.

दुरुस्तीवाला : आणि खालचा डबा?

काकू : तो घुमत असतो थोडा. होत असेल मागाहून गार.

दुरुस्तीवाला : अहो काकू! पडदा मालवला म्हणून कंप्यूटर झोपला असं नसतं. तुम्ही डोळे मिटलेत तर मी काय नाहीसा होतो?

काकू : असं बोलू नका. अठरा वर्षं मी असाच बंद करते आहे. सकाळी डब्याचं बटण दाबलं की चालू व्हायचा. कधी हूं का चूं केलं नाही त्यानं.

दुरुस्तीवाला : मग कोणीतरी नीट बंद करत असणार मागून. आपोआप नाही होत ते.

काकू : कोण करणार? घरात आम्ही दोघंच.

(दारात पावलं.)

काका : बाई, कोणाशी बोलताय?

काकू : या, बसा. दुरुस्तीवाले आहेत फोनवर. कंप्यूटर सकाळी कुरकुर करतो ना.

काका : आज तुम्ही लवकर आलात कामाला.

काकू : हो. आज जरा लवकर आले.

दुरुस्तीवाला : काकू, किती झाले टक्के?

काकू : चौसष्ट. आता राहू द्या. तास गेला.

दुरुस्तीवाला : तरी ऐकून ठेवा, उद्या तरी मिळेल. संध्याकाळी आधी शट डाउन करायचं. डब्याचा पंखा थांबेपर्यंत बसायचं. पडद्याचं बटण सगळ्यांत शेवटी.

काका : बरोबर सांगतायत. पंखा थांबला की हात लावून बघायचा. गार होत आला की जायचं.

काकू : तुम्हाला कसं ठाऊक?

काका : रोज मीच करतो की. आमची ही नुसता पडदा मालवते आणि उठते. दिवसभर राबलेली असते, कशाला तिला परत उठवायचं? फेरीत आलो की मी करतो बंद.

काकू : कधी सांगितलं नाहीत ते तिला.

काका : सांगायचं काय त्यात? आणि तुम्हीही सांगू नका हं, बाई. उगाच ओशाळेल.

काकू : नाही सांगणार.