कोपरापर्यंत लगदा

...कोपरापर्यंत हो! बोटं नाही, मनगट नाही, थेट कोपरापर्यंत! आणि कशात, विचारा ना... पिठाचा लगदा, त्यात साबणाचा फेस, त्यात निळा रंग! कोमट, बुळबुळीत! हात आत घातला की पचक् आणि बाहेर ओढला की फच्च... शी! शी शी शी! आणि याला म्हणे उपचार म्हणतात!

हसू नका. तुम्हाला सांगतो, माझं आख्खं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर तिळाएवढे स्क्रू. बोटाला जरासा घाम सुटला तरी काम टाकून हात धुऊन येणारा माणूस मी! पानात चमचा चिकट लागला तर ताट बाजूला सारतो. आमची ही म्हणते, "अहो, तुम्ही एक दिवस साबणसुद्धा धुऊन वापराल!" वापरतोच! त्यात काय चुकलं?

तर आमची नात. पाच वर्षांची, घरात सगळे ठमाबाई म्हणतात. डोकं म्हणाल तर तल्लख, उघडं घड्याळ समोर ठेवा, चक्रं बघत बसेल, जेवण विसरेल. पण अंगाला हात लावायचा नाही! कुणी म्हणजे कुणी नाही! आईनं केस विंचरायला घेतले की चटका बसल्यासारखी अशी किंचाळते की शेजारी दार वाजवतात. बरं, घरातलं घरात आम्ही चालवून घेतलं असतं हो. पण रस्ता? शाळेच्या फाटकातून सुटली की सुसाट! हात धरू देत नाही, आणि धरला नाही तर ही बया सरळ गाड्यांच्या मध्ये! एकदा एका ट्रकवाल्यानं असा करकचून ब्रेक मारला... खाली उतरला आणि मलाच ओरडला, "ओ काका, पोरीचा हात धरता येत नाही का?" काय सांगणार त्याला? नाही येत बाबा! सगळ्या जगाला येतो, मला माझ्या नातीचा हात धरता येत नाही! घाबरलो होतो, दुसरं काय. रात्री जेवणसुद्धा गेलं नाही.

मग डॉक्टरांनी पाठवलं ऑक्युपेशनल थेरपीला. नाव एवढं लांब की उच्चारेपर्यंत तास संपायचा! मुलगा-सून कामावर, हिचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, मग उरला कोण? हा रिकामटेकडा म्हातारा! मला वाटलं टेबल असेल, खुर्ची असेल, निदान एखादी कडू बाटली असेल... कुठलं काय! छताला टांगलेला झोका, खाली गाद्या, एक आडवं पडलेलं पिंप, आणि मधोमध तो लगद्याचा टब! मॅडम म्हणजे विशीतली पोरगी, पायात रंगीबेरंगी मोजे, आणि बोलणं असं गोड गोड, "आजोबाऽऽ, इथे तिचा खेळ असतो हं, आपण पाहुणे! हे कर, ते कर म्हणायचं नाही. ती करेल ते आपण करायचं!" मी म्हटलं, "अहो, पण शिकवणार कधी?" "खेळलो की झालंच ना!" घ्या! याला म्हणे उपचार!

आणि आमच्या ठमाबाई? जिला कंगवा सहन होत नाही, ती पोरगी त्या घाणीत म्हशीसारखी डुंबायला लागली हो! मॅडम म्हणतात, "हलका स्पर्श तिला टोचतो, आजोबा. लगदा कसा चारी बाजूंनी घट्ट दाबतो, म्हणून तिला बरं वाटतं." वाटू दे! मी आपला कडेला, नाकाला रुमाल लावून. तर लगेच, "आजोबाऽऽ, चेहरा!" म्हटलं, "काय झालं चेहऱ्याला?" "वाकडा झालाय. ती बघतेय." आता चेहरासुद्धा यांना विचारून करायचा?

मग मी डोकं चालवलं. हिच्या मोरीतले रबरी हातमोजे उचलले, पिवळेधमक, आणि गेलो ऐटीत! म्हटलं आता सांगा, कुठे घालायचा हात! ठमीनं माझ्या हातांकडे पाहिलं... आणि जी त्या पिंपात जाऊन बसली, ती तास संपेपर्यंत बाहेर नाही. मॅडम पिंपाशेजारी नुसत्या बसून. निघताना मात्र गोड आवाज बाजूला ठेवून म्हणाल्या, "आजोबा, लगद्याला हात लावायचा म्हटलं की तुमच्या अंगावर काटा येतो ना? कुणी जबरदस्ती केली तर पळून जावंसं वाटतं?" म्हटलं, "वाटतं." "तिलाही तेच वाटतं. तुम्हाला लगद्याचं, तिला माणसांचं." मी हातमोजे पिशवीत कोंबले आणि घरी आलो.

पुढच्या खेपेला बाह्या वर केल्या, डोळे मिटले, आणि... पचक्! देवा रे देवा! मी श्वासच रोखून धरला! मॅडम म्हणतात, "आजोबा, श्वास घ्या!" अहो, श्वास घेतला तर वास येतो! तसाच बसलो दात आवळून. आणि मग त्या लगद्याच्या आत, खाली, कायतरी वळवळलं. म्हटलं झालं, आता यात किडेपण! ओरडणारच होतो... तर बोट. इवलंसं बोट. त्यानं माझा अंगठा चाचपला, मग शेजारचं बोट, मग त्याच्या शेजारचं, आणि मग आख्खा पंजा घट्ट धरून ठेवला. वर बघतोय तर ठमी भिंतीकडे बघत्येय, जणू खालचा हात दुसऱ्याच कुणाचा! पाच वर्षांत पहिल्यांदा हो! मला रडू आलं. सरळ सांगतो, रडलो. आणि डोळे पुसायला हात कुठले? दोन्ही लगद्यात!

बरं, इथे संपलं असतं तर ठीक होतं! मी आनंदानं हात साबणानं खसखसून धुतले, रस्त्याच्या कडेला आलो, हात पुढे केला... अंहं! बाईसाहेब दोन पावलं मागे! तिला पुढे घालून परत वर मॅडमकडे गेलो, हात बुडवला, निथळत खाली आलो, तर लगेच धरला! असा धरला की पलीकडे जाईपर्यंत सोडला नाही! मॅडमना सांगितलं तर त्या टाळ्या पिटतात, "वाऽऽ! मग डबीत भरून नेत जा! हळूहळू कमी करू, घाई नाही!" घाई नाही! यांना कुठली घाई, हात माझा आहे!

तर आता मी, डबीसकट, रोज, भर रस्त्यात! डबी उघडायची, हात बरबटायचा, नातीपुढे करायचा. लोक वळून वळून बघतात. परवा एका बाईंनी माझ्या हातावर सुटे पैसे ठेवले हो, आणि ते चिकटले! घरी गेलो की ही दारातून ओरडते, "अहो, कडीला हात लावू नका!" सून चहाचा कप लांबून सरकवते. आणि तो ट्रक? येऊ दे! थांबतो तो, आम्ही दोघं निळ्या हातांनी समोरून जातो. शी शी शी... आणि याला म्हणे उपचार म्हणतात! म्हणतात बाबा, आता मीही म्हणतो!

बरं चला, निघू दे मला. तिकडे शाळा सुटत आली आणि मी मूर्खासारखा इथे स्वच्छ हातांनी उभा आहे!