सव्वापट वारा

मंडळी, एक विचारू? जाणत्या माणसानं 'नको' म्हटलं, की आपल्याला त्याचाच राग का येतो? बोला! गप्प? मग ऐका —

माणदेशात जालिंदरअण्णा शेंडगे म्हणून एक गृहस्थ. पाच हजार कोंबड्यांची बंदिस्त शेड, टोकाला सहा मोठे पंखे. आणि अण्णांचा तोरा? अहाहा! कोंबडा परवडला — तो पहाटेपुरता तरी आरवतो!

वैशाख तापला. कोंबड्या धापा टाकायला लागल्या. अण्णांनी जैबूनभाभींना बोलावलं. तीस वर्षं पंख्या-पंपांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारी बाई ही!

"भाभी, पंखे सव्वापट पळवा!"

भाभींनी मोटारीला हात लावून पाहिला. "अण्णा, वेग सव्वापट केला, की मोटारीवरचं ओझं दुप्पट होतं. ती आत्ताच पुऱ्या ताकदीनं चाललीय. जळेल. दोन पंखे वाढवा, पत्र्यावर पाणी मारा."

"म्हणजे तुम्हाला जमत नाही!"

"जमतं. म्हणूनच नाही म्हणते."

शिरलं का डोक्यात? छे! तिथं जागाच कुठं! अण्णांनी दुसऱ्याकडून वेग वाढवायचं यंत्र बसवून घेतलं. मोटार तापली की वीज तोडणारं स्विच सारखं पडायला लागलं — तर या शहाण्यानं तेच काढून टाकलं!

दोन दिवस काय वारा सुटला! अण्णा दारात उभे राहून मिशांना हवा देत होते! तिसऱ्या दिवशी भर दुपारी जळका वास आला. एक मोटार गेली, दुसरी गेली — तासाभरात सहाही ठप्प!

अण्णा काय करत होते? पंख्यांना शिव्या देत होते! बायको सिंधूताई विळा घेऊन धावली. तिनं शेड बंद ठेवणारे बाजूचे जाड पडदे टराटरा फाडले, हात रक्ताळले, तरी थांबली नाही. म्हणून निम्म्या वाचल्या. अडीच हजार मुके जीव चोच वासून मेले, मंडळी! त्यांचा काय गुन्हा?

संध्याकाळी भाभी आल्या. अण्णा म्हणतात, "मोटारीच हलक्या निघाल्या!"

सिंधूताईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "भाभी, आजपासून शेडचं मला विचारायचं. यांना नाही."

अण्णांनी फावडं उचललं आणि खड्डा खणायला गेले. जन्मात पहिल्यांदा — एक शब्द न बोलता!

हसलात ना? हसा! परवा सून म्हणाली, 'आत्याबाई, आज उभं राहवत नाही'. तिच्या अंगाचं जाणती तीच ना? तेव्हा काय उत्तर दिलंत? 'आमच्या वेळी...' — पुढचं मी नाही सांगत. तिसऱ्या रांगेतल्या बाई, तुम्हीच सांगा!