खेकडा मरतो ते पुस्तक

मुलांना आणू नका, असा निरोप कुणी पाठवला? आधी ते सांगा. काल वाचनालयाच्या ग्रुपवर आला, सुनेनं मला वाचून दाखवला. 'शोकसभा असल्याने लहान मुलांना सोबत आणू नये.' अहो, नलू गेली ती कुणाची गेली? तुम्ही इथे पेपर चाळायला येता. तिची माणसं म्हणजे दर शनिवारी दुपारी येणारी ही पोरं. त्यांनाच घरी बसवून तुम्ही इथे कसलं दुःख करताय? मी माझ्या नातीला घेऊन आलेय. ही सानिका, आठवीत आहे. ती उठणार नाही.

आता नमस्कार करते. सगळ्यांना. मी इंदू. चौथीपर्यंत शाळा, पुढे सगळा जन्म मिरजोळ्याला काजू सोलण्यात गेला. सभेत बोलायची मला सवय नाही. पण नलूच्या फोटोसमोर गप्प बसणं मला त्याहून जड जातंय.

नलू हे वाचनालय सांभाळायची, ते सगळ्यांना ठाऊक आहे. शनिवारी ती पोरांना मोठ्यानं वाचून दाखवायची. एकच लांबलचक गोष्ट, पाच भागांची. एक मुलगी गावच्या विहिरीतून खाली उतरते, खाली एक राज्य असतं, आणि तिथला राजा माणसांच्या सावल्या गिळत असतो. सोबतीला एक बोलणारा खेकडा, भारी तोंडाळ. पहिल्या भागात आम्ही लोळून हसलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. सानिकाला सोडायला म्हणून यायचे आणि बसून राहायचे.

पुढच्या भागांत ती मुलगी मोठी होत गेली, तसा खालचा काळोखही वाढत गेला. मी नलूला म्हटलं, "काय गो, जरा हसतंखेळतं वाच ना."

ती म्हणाली, "मावशी, पहिला भाग हसताखेळताच होता. पोरं तिथेच थांबलीत का?"

चौथ्या भागात तो खेकडा मरतो. मी रडले नाही. मेल्या खेकड्यासाठी कोण रडतंय? पण त्या रविवारी मी बाजारातून खेकडे-कुर्ल्या काही आणलं नाही. सून विचारत होती, भाव चढलेत का. मी हो म्हटलं.

त्या भागात मोठी माणसं खेकड्याला परस्पर पुरून येतात. मुलीला दाखवतसुद्धा नाहीत. मग ती त्यांच्यावर ओरडते, "मला का नाही बोलावलंत?" त्या शनिवारी नलूनं ते वाचलं. घरी जाताना सानिकानं मला विचारलं, "आजी, बाबा गेला तेव्हा मला मालगुंडला का धाडलंत?"

आपल्यात तसंच करतात. घरात माणूस गेलं की पोरांना मावशीकडे, आत्याकडे धाडायचं. तेरावं झालं की परत आणायचं आणि भिंतीवरचा फोटो दाखवून म्हणायचं, बाबा देवबाप्पाकडे गेला. इतकी वर्षं पोरीनं तोंडातून शब्द काढला नव्हता. एका खेकड्यानं काढला. आम्ही वाटेत एका बागेच्या दगडी गडग्यावर बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं. बोट कशी उलटली, बापाला किनाऱ्यावर कुणी आणलं, अंगात कुठला शर्ट होता. तिनं एकेक गोष्ट परत परत विचारली. त्यानंतर माझ्याशी भांडायला लागली. बरं वाटलं. आधी ती भांडतसुद्धा नव्हती.

आणि तुम्ही काय केलंत? चार पालक आले, म्हणाले पोरं घाबरतात, नको ते प्रश्न विचारतात. तुम्ही कमिटीवाल्यांनी मीटिंग घेतलीत आणि वाचन बंद केलंत. नलूनं मागवलेला पाचवा भाग ऑफिसच्या कपाटात घालून कुलूप लावलंत. का, तर पोरं घाबरतात! शिमग्यात संकासूर येतो, काळा झगा, टोकदार टोपी, हातात आसूड. तेव्हा ह्याच पोरांना खांद्यावर घेऊन पुढे कोण घुसतं? तुम्हीच ना? पोर किंचाळतं, तुमच्या मानेला मिठी मारतं, आणि मग म्हणतं, अजून जवळ चला. तुम्हीही हसत हसत जवळ जाता. तेव्हा मीटिंग घेता का?

मी काही शिकलेली नाही. पण त्या गोष्टीत पोरांना आणि माझ्यासारखीला एकाच वेळी काय गोड लागतं, ते मला कळतं. आम्हा दोघांनाही कुणी खरं सांगत नाही. पोरांना सांगत नाहीत, कारण ती लहान. मला सांगत नाहीत, कारण मी म्हातारी. डॉक्टरसमोर बसलेली असते मी, आणि तो बोलतो माझ्या सुनेशी. नलूच्या पुस्तकात कुणी मेलं तर मेलं असं लिहिलेलं असायचं. आणि ती मुलगी दर भागात थोडी थोडी मोठी व्हायची. मला तसं व्हायला मिळालं नाही. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि एका दिवसात मोठी झाले. ते मधलं मोठं होणं मी ह्या खोलीत, पोरांच्या मागे बसून ऐकलं.

वाचन बंद केलं म्हणून नलू गेली, असं मी म्हणत नाही. तिला साखर होती आणि पथ्य ती पाळत नव्हती. पण तिचं काम बंद पाडून आज तिच्या फोटोला हार घालता, 'मुलांची लाडकी नलूताई' म्हणता, हे मला चालत नाही.

आणि अध्यक्ष, खाली बघू नका. शनिवारी त्या खिडकीबाहेर कोण उभं असायचं, ते मी पाहिलंय. खेकडा मेला तेव्हा तुम्ही दारात येऊन नलूला विचारलंत, "पुढच्या भागात तो परत येतो का हो?" तुम्हाला पुढचं कळायला हवं, आणि पोरांना नको?

आता दोन मिनिटं उभे राहू या. मोबाइल बंद करा. मुसमुसू नका, नलूला रडारड आवडायची नाही. शांतता संपली की सानिका विचारेल, येत्या शनिवारी पाचवा भाग कोण वाचणार. सेक्रेटरी, तुम्ही उठायचं नाही. 'कार्यकारिणीपुढे ठेवू' असं कुणी म्हणायचं नाही. उत्तर अध्यक्षांनी द्यायचं. आणि माझ्याकडे बघून नाही, तिच्याकडे बघून द्यायचं.